साहेबांच्या सोफ्यावर अलीजा

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हा मंजुश्री मॅडमनी लेझीम पथकाला घालून दिलेला पहिला नियम होता. अर्धा कप चहा चालेल, पोहे चालतील, पाणी नाही. कारण सरळ होतं. मुलींना नऊवारी नेसवली की ती जागोजाग पिनांनी टाचलेली असायची. सोडून पुन्हा नेसवायला अर्धा तास लागायचा, आणि सोडून जायचं तरी कुठे? ज्या ज्या मैदानात, चौकात, मंडपात या मुली नाचल्या, तिथे बाईमाणसाला जायला साधा आडोसा नसायचा. म्हणून पाणी नाही. चौदा वर्षं हा नियम मी ऐकत आलो. मी गोविंदा, चिखलीतल्या त्याच मुलींच्या शाळेतला क्लार्क. पथकासोबत लेझमींचं पोतं आणि पिनांचा डबा घेऊन जायचं काम माझ्याकडे असायचं. मला त्या नियमात कधी काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मंजुश्री मॅडम मूळच्या उंद्रीच्या. त्यांचे वडील सहदेव गावातल्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझमीच्या ओळीत सगळ्यात पुढे असायचे. नऊ वर्षांच्या मंजुश्रीला त्या ओळीत नाचायचं होतं. गडीमाणसं म्हणाली, हे पोरींचं काम नाही. ती ऐन रस्त्यात, ट्रॅक्टरपुढे मांडी घालून बसली. उचलून बाजूला ठेवली, तर पुन्हा येऊन बसली. शेवटी सहदेवांनी स्वतःच्या हातातली लेझीम तिला दिली आणि ते बाजूने चालत राहिले.

हे त्या हसत सांगायच्या. पण असा रस्ता अडवणारी मुलगी पुढे आमच्या शाळेत खेळाची बाई म्हणून आली, ती तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक. दर जूनला जिची नेमणूक कुणाच्या तरी सहीवर अडकलेली असते, तिला राग परवडत नाही. मॅडमनी तो गिळायची सवय लावून घेतली होती.

गावाला मात्र त्यांच्या मुली सतत लागायच्या. शिवजयंती असो, भीमजयंती असो, गणपती असो, ग्रंथदिंडी असो, कुणाच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर असो, नाहीतर मोटारसायकलच्या शोरूमचं उद्घाटन. आदल्या दिवशी फोन यायचा, "मॅडम, पोरी पाठवा." पत्रिकेवर मान्यवरांची वीस-बावीस नावं आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात 'विद्यार्थिनींचे स्वागत लेझीम'. त्या विद्यार्थिनी कोण, कुठल्या, त्यांना शिकवलं कुणी, हे चौदा वर्षांत एकाही कार्यक्रमात माइकवरून सांगितलं गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्याकडे नगरोत्सव भरला. तीन दिवसांचा. बचत गटांचे स्टॉल, कविसंमेलन, शेवटच्या दिवशी बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा. समितीचे अध्यक्ष दिगंबरअण्णा, टाइल्सचे व्यापारी. त्यांनी मॅडमना सांगितलं, उद्घाटन दहाला, पोरी नऊला पाहिजेत.

पोरी पावणेनऊलाच हजर होत्या. बत्तीस जणी, पिवळ्या नऊवारीत, गुलाबी फेट्यात. जालना रोडवरच्या मैदानाच्या फाटकापासून मंडपापर्यंत लाल गालिचा अंथरला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुलींना उभं केलं होतं. गालिचावर सावली नव्हती. सावली मंडपात होती. तिथे चार मोठे कूलर होते, पुढे पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे आणि त्यामागे तीन रांगा राखीव खुर्च्या. सगळ्या रिकाम्या. कूलर रिकाम्या खुर्च्यांवर वारा सोडत होते.

साडेदहाला माइकवरून सांगितलं, उद्घाटनाला येणारे साहेब देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला थांबले आहेत. साडेअकराला सांगितलं, साहेब देऊळगाव राजातून निघाले आहेत. सव्वाबाराला पुन्हा तेच, साहेब निघाले आहेत. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता दर थोड्या वेळाने ओळीपाशी येऊन म्हणायचा, "ताईहो, हलू नका, गाडी येऊनच राह्यली." मॅडम ओळीच्या टोकाला उभ्या होत्या, उन्हातच. त्यांनी दोनदा अण्णांना जाऊन विचारलं, मुलींना मंडपात बसवू का? अण्णा दोन्ही वेळा म्हणाले, "पाच मिनिटं, मॅडम."

एकला दहा कमी असताना अलीजा पडली.

आठवीतली पोर. तोंडावर आपटली ती हातातल्या लेझमीवरच. लेझमीच्या लोखंडी चकत्यांनी भुवईच्या वर चांगलं कापलं. मॅडम धावल्या. मी पोतं टाकून धावलो. तोच बिल्लावाला आमच्याही आधी पोचला होता, आणि त्याचं पहिलं वाक्य मी आजही विसरलो नाही. तो शेजारच्या मुलींना म्हणाला, "ओळ मोडू नका बे, जागा भरून घ्या."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अलीजाला दोन्ही हातांवर उचललं आणि तशाच गालिचावरून चालत मंडपात गेल्या. सरळ मधल्या सोफ्यापर्यंत. तिथे तिला आडवं केलं. स्वतःची ओढणी तिच्या कपाळावर दाबून धरली. पांढऱ्या अभ्र्यावर रक्ताचा डाग पसरायला लागला.

"मॅडम, तो साहेबाईचा सोफा हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"गोविंदाभाऊ, ऑटो आणा," मॅडम मला म्हणाल्या. आवाज शांत होता. मी बाहेर पळालो, ऑटो मिळवला आणि फाटकाशी आलो. फाटक बंद. ताफा येतोय, आता एकही गाडी आतबाहेर नाही. मी सांगितलं, पोरीचं डोकं फुटलंय. फाटकावरचा माणूस म्हणाला, "दहा मिनिटं थांबा न भाऊ. साहेब आत गेले का मंग काढा."

मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा मॅडमचा चेहरा बदलला. चौदा वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. त्यांनी गळ्यातली शिटी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. मैदानावर सगळे वळले. उन्हातल्या एकतीस मुली वळल्या.

"आत या! सगळ्या! खुर्च्यांवर बसा!"

मुली जागच्या हलेनात. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बसा म्हणते न मी! राखीव हाय तरी बसा!"

मग त्या आल्या. आधी दोघी, मग घोळक्याने. राखीव खुर्च्यांच्या काठावर, फेटे सांभाळत, अंग चोरून बसल्या. टेबलावर मान्यवरांसाठी पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. मॅडमनी त्या उचलून ओळीने मुलींच्या मांडीत टाकल्या. एकीनेही बाटली उघडली नाही. पहिल्या रांगेतल्या काजल नावाच्या मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, खरंच प्यायचं का? साडी नेसली हाय न."

मॅडमना कुणी थोबाडीत मारली असती तरी त्या तशा थबकल्या नसत्या. त्यांनी काजलच्या हातातली बाटली घेतली, झाकण काढलं आणि परत तिच्या हातात दिली.

एवढ्यात अण्णा आले. घामाघूम, हातात हार. "मॅडम, हे काय लावलं? गाडी फाटकाशी आली! उठवा पोट्ट्याईले!"

"नाही उठवत."

"दोन मिनिटं फक्त! फोटोपुरत्या उभ्या करा!"

"चार घंटे उभ्या होत्या, अण्णा. चार घंटे! तेव्हा तुमी मंडपात सावलीत फिरत होते. एक तरी पोट्टी तुमच्या घरची असती तर उभी केली असती का तुमी तिले?"

"हळू बोला, माइक चालू हाय."

"मंग तर चांगलंच हाय!" मॅडम ओरडल्या. माइक खरंच चालू होता. 'मंग तर चांगलंच हाय' जालना रोडपर्यंत ऐकू गेलं. स्टॉलवरच्या बाया बाहेर येऊन पाहू लागल्या. मी नोकरीच्या भीतीने दोन पावलं मागे सरलो.

साहेब आले. रिकाम्या गालिचावरून चालत. त्यांना फाटकापाशीच कुणीतरी कानात काहीतरी सांगितलं असावं, कारण ते रागावले नाहीत. ते सरळ सोफ्यापाशी गेले, अलीजाशेजारी टेकले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान वर केली. समोर कॅमेरे होतेच. सात-आठ फोटो निघाले. अलीजाचे डोळे अर्धवट उघडे होते आणि मॅडमचा हात तिच्या कपाळावरच्या ओढणीवर होता. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूले व्हा न." मॅडम हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या फोटोत त्यांचा फक्त हात दिसत होता, मनगटापर्यंत.

मग फाटक उघडलं आणि आम्ही अलीजाला दवाखान्यात नेलं. चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही हो पोरीच्या, सलाइन लावावं लागेल.

अलीजाची आई अमीना शिवणकाम करते. निरोप मिळताच ती मशीन सोडून धावत आली होती, बोटाला अजून दोऱ्याचं टोक चिकटलेलं. मॅडम उठून पुढे झाल्या. मला वाटलं, आता ही बाई मॅडमचे हात धरेल. सगळ्या गावापुढे तिच्या मुलीसाठी भांडल्या होत्या त्या.

अमीना म्हणाली, "पाणी कोनं बंद केलं होतं माह्या पोरीचं?"

ती आणखी पुढे सरकली.

"सकाळी मी गिलास हातात दिला तर म्हने, अम्मी, मॅडम रागावतीन. तो साहेब तर आज आला. तुमी तर रोज होत्या न तिच्यासंगं! तुमाले नाही दिसलं का?"

"माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या.

"चुकलं म्हनून भागते का?" अमीना ओरडली. नर्स धावत आली. मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि सलाइन संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. कुणी स्टूल दिलं तरी बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशीची बातमी मी शाळेत वाचली. 'भोवळ आलेल्या विद्यार्थिनीला साहेबांनी दिली स्वतःची जागा'. खाली लिहिलं होतं, की साहेबांनी प्रोटोकॉल बाजूला ठेवून सर्व विद्यार्थिनींना मान्यवरांच्या खुर्च्यांवर बसवण्याच्या सूचना दिल्या आणि उपस्थितांनी टाळ्यांच्या गजरात स्वागत केलं. मॅडमनी पेपर माझ्या टेबलावरून उचलला, दोनदा वाचला आणि तिथूनच वार्ताहराला फोन लावला.

"तुम्ही होते का तिथं?" त्यांनी विचारलं.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"नव्हते न? मंग लिहिलं काऊन? प्रेसनोट आली म्हणून? उद्या मी प्रेसनोट पाठवते, साहेबाईनं स्वतः टाके घातले म्हणून, छापसान का?"

त्यांनी फोन ठेवला नाही, आपटला. मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या होत्या. दुपारी संस्थेच्या सचिवांचा निरोप आला आणि मला नोटीस टाइप करायला सांगितलं. 'आपण दिनांक अमुक रोजी सार्वजनिक कार्यक्रमात पथकाची शिस्त मोडून, मान्यवरांशी उद्धट वर्तन करून संस्थेच्या प्रतिमेस बाधा आणली आहे. याबाबत तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' मी टाइप केली. 'उद्धट' शब्दावर थोडा थांबलो, एवढंच. एक कानामात्रा चुकवली नाही. प्रिंट काढून स्वतः त्यांच्या हातात दिली.

"तुमी लिहिली का, गोविंदाभाऊ?" त्यांनी विचारलं.

"टाइप केली, मॅडम."

"हाव. टाइपच करता तुमी."

हे त्यांनी आवाज न चढवता म्हटलं. दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. घरी गेल्यावर बायकोने जेवायला हाक मारली, तर तिच्यावर ओरडलो.

खुलासा त्यांनी हाताने लिहिला होता, अर्ध्या पानाचा. तो माझ्याकडूनच फाइलला लागला, म्हणून शब्द लक्षात आहेत. 'मी ओळ मोडली, हे खरं आहे. त्याआधी चौदा वर्षं मी ओळ मोडली नाही, मुलींना तहानलेलं ठेवलं आणि त्याला शिस्त म्हटलं. शिक्षा द्यायची असेल तर त्याबद्दल द्यावी. मी माफी फक्त बत्तीस मुलींची मागते. इतर कुणाची मागणार नाही.'

एप्रिलमध्ये उंद्रीहून मिरवणुकीसाठी बोलावणं आलं. भावकीतले दोघे घरी आले होते. मॅडमनी त्यांना विचारलं, पाणी कुठे ठेवाल, पोरींना जायला कोणाचं घर उघडं असेल, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. ते चिडले. "आपलाच कार्यक्रम हाय न, मंजू. आपल्याच लोकाईले अटी घालतं काय?" मॅडम म्हणाल्या, "आपला हाय म्हणून तर आधी तुमच्यापासून सुरू करून राह्यली." त्यांचे पती धम्मरत्न एसटीत कंडक्टर आहेत. ते नंतर मला म्हणाले, त्या दिवशी चहा न पिता पाहुणे उठले, आमच्या घरात असं पहिल्यांदा झालं. मिरवणूक त्या वर्षी पथकाशिवाय निघाली.

जूनमध्ये नेमणुकीचं पत्र निघालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मॅडम एक दिवस येऊन कपाटातल्या स्वतःच्या वस्तू घेऊन गेल्या. लेझमी शाळेच्या होत्या, त्या मी मोजून जमा करून घेतल्या. असा मी.

पण पथक मोडलं नाही. मुलींच्या आयाच मॅडमकडे गेल्या, शाळा सुटल्यावर शिकवा म्हणून. बसस्टँडमागच्या एका मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळचा सराव सुरू झाला. उंद्रीहून सहदेवबाबांनी जुन्या लेझमी पाठवल्या. अलीजा मात्र येत नव्हती.

मॅडम तिच्या घरी गेल्या, एकदा नाही, तीनदा. पहिल्या दोन वेळा अमीनाने दारातूनच सांगितलं, नाही. तिसऱ्या वेळी अलीजाने आतून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा अमीना मशीनवरून न उठता म्हणाली, "पाठवतो. पण तुमच्या भरोशावर नाही. मी येईन संगं. मले वाटलं का पोरगी थकली, तर मी तिले हात धरून नेईन. तुमी मधात बोलाचं नाही."

"नाही बोलणार," मॅडम म्हणाल्या.

अमीना आली आणि नुसत्या अलीजाची राखण करत बसली नाही. तिसऱ्याच कार्यक्रमात तिने सगळ्या पथकाचा ताबा घेतला. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास, तेवढाच. त्यापुढे थांबायचं नाही. पत्रिकेवर सगळ्या मुलींची नावं हवीत, ही अटही तिनेच घातली. ज्यांना हे जमत नाही ते फोन ठेवून देतात. पूर्वी वर्षाला तीस कार्यक्रम व्हायचे, गेल्या वर्षी सात झाले. नगरोत्सवात आता दुसऱ्या एका शाळेच्या मुली गालिचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात. तिथून जाताना मॅडम मान फिरवून पुढे जात नाहीत. थांबतात, मोबाइलवर वेळेसकट फोटो काढतात आणि अण्णांना पाठवतात, दर अर्ध्या तासाला एक. अण्णांनी त्यांचा नंबर ब्लॉक केला, तर त्यांनी धम्मरत्नच्या फोनवरून पाठवले.

मागच्या महिन्यात देऊळगाव राजाजवळच्या एका गावात वाचनालयाचं उद्घाटन होतं. मी रजा टाकून गेलो होतो, हल्ली जातो. माणसं भली होती. माठ भरून ठेवले होते, सरपंचबाई तानाबाईंनी स्वतःचं घर मुलींसाठी उघडलं होतं, पत्रिकेवर अठ्ठावीसही मुलींची नावं होती. फक्त पाहुणे आले नाहीत. अर्धा तास झाला. अमीना उठली. "चला."

"अमीना, पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "हे लोक चांगले हायत. याईची काय चूक?"

"पाच मिनिटं?" अमीनाने कमरेवर हात ठेवले. "हे कोनाचं बोलनं हाय, मॅडम? पाच मिनिटं कोन म्हनत होतं?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. "माझी तुलना त्या अण्णासंगं करतं?"

"करतो! काऊन नाही करनार?"

तानाबाईंनी मध्ये पडून म्हटलं, पाहुणे गेले उडत, गावाला नाचून दाखवा आणि जेवून जा. मुली गावासाठी नाचल्या, वीस मिनिटं, धुरळा उडवून. फीत सगळ्यात लहान मुलीने कापली. पाहुणे नंतर आले म्हणे. आम्ही तोवर मिनीबसमध्ये होतो. आणि मिनीबसमध्ये त्या दोघी चिखली येईपर्यंत भांडत होत्या, मधल्या सीटवर शेजारी शेजारी बसून, मागे मुलींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, की अर्धा तास म्हणजे अर्धाच तास की माणसं पाहून पस्तीस मिनिटं. ड्रायव्हरने एकदा आरसा फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला कुणी विचारलं नाही, पण माझं मत अमीनाच्या बाजूने होतं.